करवलीचं स्टिअरिंग

कमल, कावळा शिवला नाही.

तुला तिथून दिसलं असेल तर माहीतच असेल. दहाव्याला मिरजेला घाटावर पिंड मांडला. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते. एक उतरला, पिंडाभोवती चालला, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि गेला उडून. मग एकेक जण हात जोडून पुढं व्हायला लागला. मिलिंद म्हणाला, "आई, अप्पांना मी अंतर देणार नाही." सूनबाई रूपाली म्हणाली, "नातीचं, सईचं सगळं तुमच्या मनासारखं करू." तुझा भाऊ म्हणाला, "ताई, दाजींना आमचं दार उघडं आहे." कावळा हलेना. ऊन चढलं. गुरुजी माझ्याकडं बघायला लागले.

"तुमचं काही राहिलंय का? असेल तर मनातल्या मनात बोला."

"माझं काही नाही," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. सगळे सुटले, चपला घालायला लागले. मी मात्र तिथंच पायरीवर बसून राहिलो, मिलिंदनं दंडाला धरून गाडीत बसवलं. त्याला वाटलं उन्हाचं झालं. उन्हाचं नव्हतं. तू कशासाठी अडून बसलीस ते मला कळलं होतं, आणि तेवढंच सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं.

दोह्याला परत आलो तर मिलिंद म्हणतो, "अप्पा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर लिहा. तुमच्या भाषेत लिहा, शुद्धलेखन रूपाली बघेल." मी चौथी शिकलेला माणूस. तरी लिहितो, कारण मंडळातल्या सगळ्यांनी ती शेळ्यांची गोष्ट तुझ्या तोंडून ऐकलीय. संक्रांतीला ऐकलीय, कोजागिरीला ऐकलीय. तू हातवारे करून सांगायचीस आणि बायका हसून लोळायच्या. त्यांनी आता हे वाचावं.

पण आधी तुझं येणं-जाणं सांगतो. इथं आपल्यासारखी जाळायची सोय नाही, तुला ठाऊक आहे. तुला पेटीत घालून विमानानं न्यावं लागलं. आम्ही वर, तू खाली सामानात. पेटीत घालायच्या आधी बायका तुला हिरवी साडी नेसवत होत्या. बांगड्या उजव्या हातात चढल्या. डाव्या हातात चढेनात. मनगटातून तो हात वाकडाच राहिला होता ना, चाळीस वर्षं. एक बाई म्हणाली, "जाऊ दे, एकाच हातात राहू देत." मी दाराशी उभा होतो. मला वाटलं आता तू डोळे उघडून सगळ्यांसमोर बोलतेस, की हा हात असा कुणामुळं झाला.

मुंबईला कार्गोच्या खिडकीवर त्या माणसानं कागद पुढं केला. "साइन करा, आजोबा." मिलिंद पेन घ्यायला लागला तर मी म्हणालो, मी करतो. इंग्रजीत मला एवढंच येतं, माझी सही. तीही तू शिकवलेली, पार्सलं सोडवायला. शेवटचं अक्षर स्कूटरच्या हँडलसारखं वर न्यायचं, असं तू सांगितलंस म्हणून लक्षात राहिलं. आणि सहीचा नियमही तुझाच होता. "अहो मिस्त्री, आधी उघडून बघायचं, मग सही करायची. आधी सही केली की खलास."

मी त्या माणसाला विचारलं, "उघडून बघता येईल का?"

त्यानं मिलिंदकडं बघितलं. मिलिंद म्हणाला, "अप्पा, प्लीज."

मी न बघता सही केली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता पार्सलांचं सांगायला पाहिजे. आजच्या पोरांना गाडी म्हणजे घेतली आणि चालवली. त्या वेळी तसं नव्हतं. गॅरेजच्या मागच्या खोलीत आपण राहायचो, मिलिंद चार वर्षांचा. अरबाबनं, म्हणजे आपल्या मालकानं, एक ठोकलेली जपानी गाडी मला देऊन टाकली होती. मी पत्रा सरळ केला, रंग मारला, पण अंगावर काही नाही तिच्या. विधवेसारखी उभी असायची. आणि अरबाबच्या कचेरीत ती जाड पुस्तकं यायची, अमेरिकेहून, गाडीला नटवायच्या सामानाची. पानापानावर चित्रं. मला चित्र दिसायचं, खालचं कळायचं नाही. तू मॅट्रिक झालेली. ते पुस्तक मांडीवर घेऊन तू पेन्सिलीनं प्रत्येक चित्राखाली मराठीत लिहायचीस. तुझी नावंच वेगळी. दरवाज्याखालची चकचकीत पट्टी, तिला कंबरपट्टा. चाकांच्या टोप्या म्हणजे जोडवी. पुढच्या दिव्यांवरच्या पत्र्याच्या झापडी, त्या भुवया. बॉनेटच्या टोकावर पंख पसरलेला पक्षी होता, त्याला नथ.

मी सुतळीनं गाडी मोजायचो, गाठी मारायचो. तू ती सुतळी शिवणाच्या टेपावर धरून इंच लिहायचीस. फॉर्म तू भरायचीस, बँकेचा ड्राफ्ट मी आणायचो. मग तीन-तीन महिने वाट. गॅरेजच्या पोस्टाच्या पेटीत चिठ्ठी आली की मी सगळं टाकून पळायचो. कस्टमवाला खोकं फोडायचा, आत बघून हसायचा. मला काय त्याचं? ईदला कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाड्यांची रांग लागायची, त्यात आपली गाडी शिरली की अरबांची पोरं माना वळवायची. सीटची कव्हरं तू शिवलेली, मागच्या काचेला झालरीचा पडदाही तूच केलेला.

"नवरी राहिली बाजूला, करवलीच नटून बसलीय," तू म्हणायचीस. "माझ्या कानात दोन मणी, आणि हिच्या कमरेला कंबरपट्टा!"

तेव्हापासून तिचं नाव करवली पडलं.

हे सगळं मी आनंदानं लिहितोय असं वाटतंय ना? आता पुढचं येणार म्हणून मघापासून दोनदा पेन ठेवून उठलो.

ते स्टिअरिंग. एका पुस्तकाच्या अख्ख्या पानावर होतं. बारकं, जाड गादीचं, मध्ये भोकं पाडलेल्या तीन चांदीसारख्या दांड्या. मी वेडा झालो होतो. तू चष्मा नसलेल्या डोळ्यांनी बराच वेळ वाचलंस आणि म्हणालीस, "अहो, इथं खाली बारीक अक्षरात गाड्यांची यादी आहे. आपल्या गाडीचं नाव त्यात नाही."

"यादी करणारा काय मिस्त्री आहे का?"

"नसेल. पण बसणार नाही असं लिहिलंय."

"तू फॉर्म भर. बसवायचं मी बघतो."

तू पेन खाली ठेवलंस. दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून माझ्या डब्याखाली ठेवलास. हे भांडण तिथंच राहिलं, आपण ते परत कधी काढलंच नाही. मी जिंकलो असं मला वाटलं होतं.

पार्सल आलं. रॉडचे दाते आणि स्टिअरिंगच्या आतले दाते जुळेनात. थोडंच, अगदी थोडं. दुसऱ्या मिस्त्रीनं हे केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली मारली असती. पण शुक्रवारी आपल्याला शमालला समुद्रावर जायचं होतं, आणि गॅरेजमधले सगळे विचारत होते, बसलं का, बसलं का. मी खोलीवर आलो, मिलिंदच्या दुधाच्या पावडरीचा निळा डबा घेतला, त्याचा पत्रा कापला, पट्टी केली आणि मध्ये पॅकिंग मारलं. वरून नट आवळला. हलवून बघितलं, घट्ट. तुला म्हणालो, "बघ, बसलं का नाही?" तू "छान आहे" एवढंच म्हणालीस.

शमालचा रस्ता तेव्हा असा रुंद नव्हता. दोन्ही बाजूला नुसती वाळू. तू मागं वळून मिलिंदला केळं सोलून देत होतीस. पुढं थोडं वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि ते फिरलं. गाडी नाही फिरली. हातात चाक गरागरा फिरतंय आणि गाडी सरळ चाललीय. ती भीती अजून माझ्या तळहातात आहे. आजही नळाची तोटी जरा ढिली लागली, हातात जास्त फिरली, की मी हात मागं घेतो.

वाळूत घुसलो, उलटलो नाही, एवढंच. मिलिंदची हनुवटी फुटली. तुझा डावा हात तुझ्याच खाली सापडला. तू डोळे उघडलेस आणि मला विचारलंस, "काय झालं हो?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "शेळ्या. शेळ्या आडव्या आल्या गं."

त्या सपाट रस्त्यावर मैलभर काही नव्हतं. शेळी नव्हती, लेंडी नव्हती.

पोलीस आला. मला बोलता येईना. आणि तू, तो मोडका हात पोटाशी धरून, त्याला म्हणालीस, "गनम! गनम!" बाजारात मटणाच्या दुकानातून शिकलेला तुझा तो एक शब्द. दुसऱ्या हातानं शिंगं करून दाखवलीस. पोलिसानं मान हलवली आणि लिहून घेतलं.

मी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की तू मागं बघत होतीस, तुला खरंच वाटलं शेळ्या होत्या. चौथ्या दिवशी गाडी गॅरेजला ओढून आणली. मी ते स्टिअरिंग काढलं आणि खोलीमागच्या बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचरापेटीत टाकलं. जुनं काळं स्टिअरिंग परत बसवलं. तुझा हात प्लॅस्टरमध्ये होता. तू विचारलं नाहीस की नवीन कुठं गेलं. तू विचारलं नाहीस याचाच मला आनंद झाला, इतका मी गाढव.

आता शेळ्यांच्या गोष्टीचं. दर वर्षी ती वाढत गेली. आधी चार होत्या, मग कळप झाला, मग त्यात एक दाढीवाला बोकड आला. "बोकड असा मध्ये उभा, आणि आमचे मिस्त्री त्याला हॉर्न देतायत, तर तो म्हणतो तुमच्या बायकोला घाई असेल, मला नाही!" सगळे हसायचे. मिलिंद हनुवटीचा व्रण दाखवायचा, "ही माझी शेळी." मी पण हसायचो. तू सांगताना माझ्याकडं कधी बघायची नाहीस, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय.

आणि अजून एक. गाडीत बसायच्या आधी तू खिडकीतून हात घालून स्टिअरिंगला धरायचीस, डावीकडं उजवीकडं हलवायचीस, मग तो हात कपाळाला लावायचीस. करवलीत तसंच, मिलिंदच्या नव्या गाडीतही तसंच. मंडळातल्या बायका म्हणायच्या, कमलताई किती श्रद्धाळू. मीही तेच समजलो. कमल, तू नमस्कार करत नव्हतीस गं. तू तपासत होतीस. माझ्या शेजारी बसायच्या आधी दर वेळी तू बघून घेत होतीस की हा माणूस आज आपल्याला मारणार नाही ना.

हे मला कधी कळलं, तर मागच्या सोमवारी.

रूपालीनं तुझी मोठी ट्रंक काढली, साड्यांना हवा द्यायला. तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं पुठ्ठ्याचं खोकं. त्यावर परदेशातली तिकिटं, गॅरेजच्या पोस्टाच्या पेटीचा नंबर. मिलिंदनं उघडलं आणि ओरडला, "अप्पा! हे बघा काय सापडलं!"

स्टिअरिंग. मी स्वतः कचऱ्यात टाकलेलं. प्लॅस्टरचा हात घेऊन तू त्या पेटीत वाकली असशील, उन्हात, घाणीत. कशासाठी? मी जागच्या जागी खाली बसलो.

"ही इज सो हॅपी," मिलिंद सूनबाईला म्हणाला. दोघांना वाटलं मी आनंदानं बसलो. खोक्याच्या झाकणावर तुझ्या अक्षरात शाईनं दोन शब्द होते. आपल्या पोराला इंग्रजी शाळेत घातलं ते तुझ्याच हट्टानं. मराठी बोलतो, पण तुझं लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. रूपाली साड्या घेऊन बाहेर गेली, तेव्हा त्यानं खोकं माझ्यापुढं धरलं.

"काय लिहिलंय आईनं?"

"बसवू नये." असं लिहिलंय.

"काही नाही," मी म्हणालो. "पत्ता आहे."

जन्मभर तू मला इंग्रजी खरं वाचून दाखवलंस. माझी पाळी आली तर मी दोन शब्द खोटे वाचले. तू जाऊन महिना पण झाला नव्हता.

मिलिंद फोटो घेऊन बसला, तो करवलीसमोरचा, ज्यात आत ते स्टिअरिंग दिसतंय. "आईचा महिना शुक्रवारी आहे. करवलीला पुन्हा तशीच करायची. हे स्टिअरिंग लावू आणि शमालला जाऊ, सगळे. सईला दाखवू." करवली अजून इथं अल हिलालच्या घरी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली आहे. कंबरपट्टा गेला, भुवया गंजल्या, पण एक चावी मारली की चालू होते. दर वर्षी तपासणी पास करते.

मी म्हणालो, "कशाला? जुनं आहे ते. राहू दे."

"अप्पा, मी इंजिनियर आहे. बसवायचं मी बघतो."

तेच शब्द होते. माझ्या तोंडचे.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी रोज ठरवलं आणि रोज उद्यावर टाकलं. काय सांगू? की तुझी हनुवटी मी फोडली? की आईचा हात मी मोडला आणि चाळीस वर्षं गोष्ट ऐकून हसलो? त्याच्या घरात राहतो मी, त्याच्या व्हिसावर. फोनवर इंग्रजीत काही आलं की सईला विचारतो, ती म्हणते, "आजोबा, इट्स नथिंग," आणि मी तिच्यावर विश्वास ठेवतो. मला आता ही तीनच माणसं आहेत. ती तोंड फिरवतील म्हणून मी भ्यालो. आणि शुक्रवारी ती त्याच गाडीत त्या स्टिअरिंगमागं बसतील म्हणूनही भ्यालो. दोन्हीकडून भ्यालेला माणूस काहीच करत नाही. नुसता चहा पितो.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर त्यानं जुनं स्टिअरिंग काढूनही ठेवलेलं. सई नवा फ्रॉक घालून मागच्या सीटवर, पाय हलवत.

"थोडा प्ले आहे, अप्पा," मिलिंद आतून म्हणाला. "दाते पूर्ण बसत नाहीत. पण खोक्यात त्याचं पॅकिंग पण आहे, ओरिजिनल. ते टाकलं की टाइट होईल."

त्यानं तळहात पुढं केला. तळहातावर निळ्या पत्र्याची पट्टी.

ती मी खोक्यात बघितलीच नव्हती. माझी हिंमतच झाली नव्हती आत बघायची. तूच ती स्टिअरिंगमधून उकरून काढली असशील, एका हातानं. आणि तू ओळखलीस, ओळखणारच, तुझ्याच फळीवरच्या डब्याची होती. म्हणजे शेळ्या तुझ्यासाठी कधीच नव्हत्या. एक दिवस पण नव्हत्या.

"टाकू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की सई रडायला लागली. "सईला बाहेर काढ. आधी तिला बाहेर काढ."

"अप्पा, काय झालं?"

"ते ओरिजिनल नाही. तुझ्या दुधाच्या डब्याचा पत्रा आहे तो."

"कुठल्या दुधाच्या?"

"तू प्यायचास त्या."

मग मी सांगितलं. बॉनेटला धरून, उभ्या उभ्या, सगळं. रूपाली दारात आली आणि सईला पोटाशी धरून उभी राहिली. शेवटी मिलिंदनं हनुवटीला हात लावला.

"म्हणजे शेळ्या?"

"नव्हत्या."

"बोकड?"

"तो आईनं नंतर घातला."

तो हसेल असं मला वाटलं. नाही हसला. "आईला माहीत होतं?"

"ते खोकं आण," मी म्हणालो. त्यानं आणलं. मी बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर, त्याला दिसेल असं. ब. स. वू. न. ये.

"तुम्ही पत्ता म्हणालात."

"खोटं बोललो."

"सोमवारी. म्हणजे आत्ता. चाळीस वर्षांपूर्वी नाही, अप्पा, आत्ता! सई बसली होती आत." त्यानं पाना फरशीवर टाकला आणि घरात गेला. दार आपटलं.

कमल, त्या वेळी मी करवलीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसलो, तुझ्या बाजूच्या. शेजारी स्टिअरिंग नाही, नुसता रॉड. मला वाटलं इथूनच मला कुणी घेऊन जावं. तू किती वर्षं या सीटवर बसलीस. एका हातानं दाराचं हँडल धरून. मी चेष्टा करायचो, "पडशील काय?" तू म्हणायचीस, "सवय आहे." मला माफ केलं होतंस का? की पुरावा जपून ठेवला होतास, कधीतरी माझ्यापुढं टाकायला? की तूही भीत होतीस, फॉर्म आपण भरला म्हणून? तुझी पण रात्रंदिवस तीच भीती, माझी पण तीच, आणि एका खोलीत दोघं गप्प? हे मला कळलं पाहिजे होतं. आता कुणाला विचारू?

तासाभरानं रूपाली चहा घेऊन आली. "अप्पा, घ्या. साखर घातलीय." एवढंच. मग मिलिंद आला. डोळे लाल. माझ्याकडं न बघता त्यानं जुनं काळं स्टिअरिंग उचललं, दाते बसवले, नट आवळला, परत आवळला. मग म्हणाला, "उतरा. तुम्ही चेक करा."

"तूच केलंयस ना."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यावर तर मी ठेवतच नाही."

मी खिडकीतून हात घातला. डावीकडं, उजवीकडं हलवलं. खालची चाकं फरशीवर करकरली. घट्ट होतं. आणि मग, कमल, माझा हात आपोआप कपाळाला गेला. मिलिंदनं ते बघितलं आणि त्याला कळलं, तू काय करत होतीस ते. तो बॉनेटवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही. धरलाही नाही.

शमालला गेलो नाही. "पुढच्या शुक्रवारी बघू," तो म्हणाला, "आधी ब्रेक करून घेतो." कधी नीट बोलतो, कधी ताटावरून उठून जातो. मी विचारत नाही. दुपारी मी कंपाउंडच्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवला. इथं कावळा कुठला दिसायला. एक साळुंकी आली, इकडंतिकडं बघितलं आणि चोच मारून घेऊन गेली. ती चालते का गं? मला माहीत नाही. गुरुजींना फोन करायला भीती वाटते, नाही म्हणाले तर.

ते खोकं आता माझ्या खाटेशेजारी आहे. स्टिअरिंग आत आहे, निळी पट्टीही आत आहे. काल मी ते परत उघडलं, तळापर्यंत बघितलं, काही राहिलं नाही ना म्हणून. अजून काही निघालं नाही. तुझ्या दोन शब्दांखाली बरीच जागा मोकळी होती. चाळीस वर्षं मोकळी होती. मी तिथं लिहिलं, "बसवलं होतं. मी बसवलं होतं. शेळ्या नव्हत्या." अक्षर वाईट आलं.

खाली सही केली. शेवटचं अक्षर हँडलसारखं वर नेलं. या खेपेला आधी उघडून बघितलं, मग केली.